पहिल्या गाण्यावरच्या बावीस हरकती

माझ्या मुलीच्या बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं माझ्यावर आहे, हे कळलेला मी आमच्या इमारतीतला अठरावा माणूस. मुलीला सोडलं तर आमच्या इमारतीत माणसं राहतात एकोणीस, आणि त्यातलं एकोणिसावं म्हणजे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची नात, वय महिने दोन. तिलाही माझ्या आधी कळलं असण्याची शक्यता मी नाकारत नाही, कारण ते गाणं सुरू झालं की पोर रडायचं थांबतं, असं डॉक्टरीणबाई मला कौतुकानं सांगत असत.

तुमच्याच घरात चार महिने बसवलेलं गाणं तुम्हालाच कसं कळलं नाही, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलंय. विचारताना त्यांच्या तोंडावर जो भाव असतो तोही मी ओळखून आहे. म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकतो.

तर बँड. बँडचं नाव ‘ओला पुठ्ठा’. का, ते विचारू नका, मी विचारलं होतं आणि उत्तर आलं, “असंच.” त्यात माझी मुलगी गाते आणि तिच्याबरोबर तीन मुलगे वाजवतात. ड्रम बडवणाऱ्याला मी मनातल्या मनात ढोल्या म्हणतो, गिटारवाल्याला लांबडा, आणि जो चार तारांचं जाडं गिटार धरून कोपऱ्यात उभा असतो तो मुका. मुका खरंच मुका नाही, पण चार महिन्यांत त्यानं माझ्याकडे फक्त एकदा पाणी मागितलं. सरावाला जागा नाही म्हणून चौघं तोंड पाडून बसली होती, तेव्हा आमची मागची खोली मीच दिली. नुसती दिली नाही, सोसायटीकडे रीतसर अर्ज केला, सात अटी स्वतःच घालून घेतल्या (वेळ सात ते नऊ, ड्रमखाली सतरंजी, इत्यादी), आणि सेक्रेटरींनी मंजुरीची सही केली तेव्हा म्हणालो, “आपण काळाबरोबर जायला पाहिजे.” हे वाक्य मी त्या आठवड्यात बऱ्याच लोकांना ऐकवलं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय करावं, यावर इमारतीत एकमत होणं शक्यच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवा. सेक्रेटरी म्हणाले, ट्रेनं काही होत नाही, जुने गालिचे लावा. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर, कोर्टातले निवृत्त स्टेनो राहतात. ते म्हणाले, गाद्या उभ्या करा. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून मी तिन्ही केलं. आमच्या बैठकीच्या बाजूच्या भिंतीला आधी ट्रे, त्यावर गालिचे, त्याला टेकून गाद्या. खोलीला अंड्यांचा वास यायला लागला आणि आत चार माणसं गुदमरायला लागली, म्हणून खिडकी सताड उघडी ठेवावी लागली. झालं असं की गाण्याचा शब्दन्‌शब्द खिडकीतून इमारतभर जायचा, आणि मला माझ्या खुर्चीत बसून ऐकू यायचं ते फक्त धप, धप, धप.

शनिवारी मात्र मी स्वतः आत जाऊन बसायचो. मुलगी डोळे मिटून माईकमध्ये ओरडायची. पाय दारात चिरडल्यावर माणूस ओरडेल तसं ते असायचं, ड्रमच्या दणक्यात आत बसून शब्द कळण्याची सोय नव्हती. पण मी मान डोलवायचो. एकदा तर म्हणालोही, “ते पहिलं गाणं विशेष आहे हां. त्यात जीव ओतलाय.” तिघं मुलगे जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, गुणी पोरं आहेत, स्तुती झाली की लाजतात.

मग एका कंपनीनं त्यांचा अल्बम काढायचं ठरवलं आणि माझ्या वाईट दिवसांना सुरुवात झाली. कंपनी लहान, पण तिला एक वकीलबाई होत्या. आदल्या वर्षी त्यांच्या कुणा गायकानं घरमालकावर गाणं केलं होतं आणि घरमालकानं दावा ठोकला होता की गाण्यातला नळ आपल्या काळात गळत नव्हता. तेव्हापासून वकीलबाईंचा नियम असा की गाण्यात एखादा जिवंत माणूस ओळखू येत असेल, तर त्याचं ना हरकत पत्र पाहिजे.

एका बुधवारी मी कामावरून आलो तर मुलगी दारातच उभी. हातात कागद, वरची बाजू दुमडलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही घ्यायची असली की ती असाच कागद धरायची.

“बाबा, इथं एक सही हवीय.”

“कसली?”

“ना हरकत.”

इथं मला माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी नगर कार्यालयाच्या ना हरकत विभागात मुख्य कारकून आहे. दुकानाची पाटी, रस्त्याची खोदाई, मैदानातला तंबू, झाडाची फांदी, या शहरात कुणालाही काहीही करायचं असलं की आमची हरकत नाही असं आमच्याकडून लिहून घ्यावं लागतं. एकतीस वर्षांत एकही कागद माझ्या टेबलावरून न वाचता पुढे गेलेला नाही. तेव्हा मी दुमडलेली बाजू उलगडली. लिहिलं होतं, ‘सोबत जोडलेल्या गाण्यातील व्यक्ती मीच असून त्यास माझी हरकत नाही.’

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. माझ्यावर गाणं! आमच्या अख्ख्या घराण्यात कुणावर गाणं सोडा, दोन ओळींची बातमी आलेली नाही. सख्ख्या भावाला आधी कळवावं की साहेबांना, असा विचारही मनात येऊन गेला. पण सवय वाईट. मी कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “सोबत जोडलेलं कुठंय?”

“ते राहू दे ना.”

“राहू दे कसं? जोडलेलं नसताना जोडलंय म्हणून सही करायची म्हणजे खोटा दस्तऐवज झाला.”

तिनं कागद पुन्हा दुमडला. मग म्हणाली, “बाबा, आयुष्यात एकदाच. माझ्यासाठी. न वाचता सही करा.”

“अगं, मी लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा वाचल्याशिवाय सही केली नव्हती.”

“खरंय,” आतून बायको म्हणाली. “सगळे ताटकळले होते.”

मुलगी म्हणाली, शुक्रवारी तीन वाजेपर्यंत कागद गेला नाही तर पहिलं गाणं गळणार, आणि ते गाणं नसेल तर कंपनीला अल्बममध्येच रस नाही. मी म्हणालो, एवढंच ना, मग शब्द लिहून दे. ती म्हणाली, तिनं ते कधी लिहिलेच नाहीत, तोंडपाठच आहेत. मग सांग, मी लिहून घेतो. त्यावर ती खोलीत निघून गेली. मला वाटलं, वडिलांची स्तुती वडिलांच्या तोंडावर कशी म्हणायची म्हणून संकोच वाटला असेल.

गुरुवारी सकाळी जिन्यात वरचे स्टेनो भेटले. त्यांना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, “अहो, माझ्याकडे आहे की. चाळीस वर्षं कोर्टात काढली, कानावर पडलं की हात आपोआप चालतो.” मला वर नेऊन त्यांनी एक वही काढली. चार महिन्यांचा आमचा सगळा सराव त्यात आकड्या-रेघोट्यांच्या लिपीत उतरवलेला होता. चष्मा लावून, जबानी वाचतात त्या आवाजात ते वाचायला लागले.

“गाणं क्रमांक एक. शीर्षक, ‘शिक्का’. ओळ एक. साडेसहाला घुसतो घरात, तोंडाला कुलूप ठोकून. ओळ दोन. चपला सरळ, उशी सरळ, माणसं तेवढी वाकडी. इथं किंकाळी.”

“किंकाळीसुद्धा लिहिलीत?”

“कंसात. ओळ तीन. दिवा बंद कर, पंखा बंद कर, तोंड बंद कर. ओळ चार. टूथपेस्ट पिळतो शेवटापर्यंत, आईलाही तसंच.”

मी विचारलं, “हे नक्की आमच्याच खिडकीतून आलं ना?” त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “इमारतीत दुसरी खिडकी नाही तशी.” आणि पुढे वाचायला लागले. ओळी एकूण तेवीस होत्या. सतराव्या ओळीला त्यांच्याही आवाजाची पट्टी जरा हलली, पण ते सराईत होते, थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, “प्रती किती काढू?”

“तीन,” मी म्हणालो.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माणूस एवढं करतो, खोली देतो, अंड्यांच्या वासात शनिवार काढतो, आणि त्याच्या पाठीमागे, म्हणजे त्याच्या समोरच, असलं ओरडलं जातं. इमारतीतली माणसं रोज मला जिन्यात ‘काय म्हणतोय बँड?’ विचारून हसत होती, ते आता मला समजलं. बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघावंसं वाटेना. मग मी दुःखात नेहमी करतो तेच केलं. लाल पेन काढलं आणि कागदावर तीन रकाने पाडले: ओळ, हरकत, पुरावा.

कार्यालयात पोचतो तो त्याहून मोठं संकट. गाण्यात आठव्या ओळीला ‘शिक्क्यावर शिक्का, शिक्क्यावर शिक्का, खाली कोण चिरडलं’ असं असल्यामुळे आमचं कार्यालयही ओळखू येतं, म्हणून वकीलबाईंनी आमच्याकडेही ना हरकतीचा अर्ज, ऐकून उतरवलेलं गाणं जोडून, पाठवला होता. तो अर्थातच माझ्या टेबलावर आला. नात्यातल्या अर्जावर कार्यवाही करायची नाही असा नियम आहे. मी नियमाप्रमाणे तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे सरकवला. त्यांची नोकरी दोन वर्षांची. वस्तुस्थितीची खातरजमा करायची म्हणून त्यांनी ते गाणं मोठ्यानं वाचलं. मग न ऐकलेल्यांसाठी पुन्हा वाचलं. आतून साहेब बाहेर आले, त्यांनी उभ्यानंच कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, ‘हरकत नाही. वर्णन वस्तुस्थितीस धरून आहे.’ साहेबांनी कुठल्याही कागदावर पाच मिनिटांच्या आत सही केल्याचं एकतीस वर्षांत माझ्या पाहण्यात नाही.

आता माघार घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन मी पुरावे गोळा करायला लागलो. ओळ एक: वेळ चुकीची, मी सहा दहाला येतो, सोबत बसचं वेळापत्रक. शिवाय ‘घुसतो’ या शब्दास हरकत. स्वतःच्या नावावर असलेल्या घरात माणूस घुसत नाही, प्रवेश करतो. ओळ नऊ, ‘माझं पहिलं गिटार भंगारात घातलं’: गिटार पहिलं नसून दुसरं, आणि भंगारात नसून शाळेला भेट, सोबत मुख्याध्यापकांची पोच. ओळ बारा, ‘हसला होता एकदा, तेही फोटोत’: सोबत तीन फोटो.

ओळ चारसाठी बायकोचा जबाब आवश्यक होता. मी मसुदा तयार करून तिच्यापुढे ठेवला: ‘माझे पती मला पिळत नाहीत.’ तिनं तो वाचला.

“टूथपेस्टचं खोटं आहे,” ती म्हणाली. “टूथपेस्ट मी पिळते.”

“मग तसं लिही. आणि पुढचं?”

“पुढच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.” आणि तिनं कणकेचे हात असल्याचं सांगून सही करायचं टाळलं. हातांना कणीक नव्हती.

मग मी इमारतीत फिरलो. आपण स्वभावानं मोकळे आहोत असा दाखला कुणी देईल का, एवढंच विचारायचं होतं. सेक्रेटरी म्हणाले, सरळ दावा ठोका, मी साक्षीला येतो. पण कुणाच्या बाजूनं ते त्यांनी सांगितलं नाही. शिवाय गाण्यात सोसायटीचा उल्लेख नाही याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, मनाला काय लावून घेता? माझा थोरला दोन वर्षं फोनसुद्धा करत नाही. तुमची निदान तुमच्यावर ओरडते तरी.” वरच्या स्टेनोंनी दार उघडलं, माझा मसुदा दोनदा वाचला आणि अदबीनं परत दिला. “मी शपथेवर काम केलंय हो,” ते म्हणाले. “या वयात खोटं लिहायला हात वळणार नाही.” चहा मात्र दिला.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये बसेपर्यंत बावीस ओळींवर बावीस हरकती झाल्या होत्या, पुराव्यांसह. राहिली होती सतरावी. ती ओळ अशी: ‘एकदासुद्धा विचारलं नाही, कशी आहेस.’

ही सगळ्यात सोपी, म्हणून मी शेवटी ठेवली होती. एकदा विचारल्याचं दाखवलं की झालं. मी आठवायला लागलो. किती मार्क पडले, विचारलेलं आहे. कुठं होतीस, कधी येणार, छत्री घेतलीस का, हा कोण, दार लावलंस का, हे तर रोज. सातवीत तिचा हात मोडला तेव्हा मी धावत दवाखान्यात गेलो होतो. तिथं मी तिला विचारलं, पडलीस कशी? आणि डॉक्टरांना विचारलं, किती दिवस लागतील? परीक्षेत नापास झाली आणि दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही, तेव्हा मी दाराबाहेरून विचारलं होतं, पुढे काय करायचं ठरवलंयस? ती आठ दिवस तापानं फणफणली होती तेव्हा रोज कार्यालयातून फोन करून विचारायचो, ताप किती आहे? फोनही आईलाच करायचो. बस तीन थांबे पुढे गेली. मी चोवीस वर्षं उलटसुलट चाळली. इतर कुठल्याही कागदावर जे लिहिलं असतं तेच इथं लिहायला हवं होतं, ‘नोंद आढळून येत नाही’.

खोटं लिहिता आलं असतं. वाढदिवसाला एकदा विचारलं होतं, असं ठोकून दिलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण मी कागदावर कधी खोटं लिहिलेलं नाही. सतराव्या ओळीपुढे मी लिहिलं, ‘हरकत नाही’, आणि खाली सही केली.

वकीलबाईंची खोली लहान होती. मुलगी आणि तिघं मुलगे एका बाकावर दाटीनं बसले होते, मुका अर्धा बाहेर. मी तिन्ही प्रती टेबलावर ठेवल्या. एक वकीलबाईंनी घेतली, एक मुलीनं. वकीलबाई आधी हसत वाचत होत्या, फोटोंपाशी आल्यावर हसायचं थांबल्या. मुलीनं सगळं सावकाश वाचलं, पुरावेसुद्धा.

“बाबा, तुम्ही माझं गाणं तपासलंत,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “तपासल्याशिवाय कसं कळणार?”

“ही एक ओळ का सोडलीत?”

“तिच्यावर हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बाकी आहे, मी ते बोलणार आहे, अशी ती थांबली होती. मला आज कळतं की तेव्हा दोन शब्द बोलायचे होते, आणि ते दोन शब्द समोर टेबलावर टाइप केलेले पडले होते. मी म्हणालो, “खाली सही आहे बघ. तारीखही घातलीय.”

ती कागदाकडे वळली. वकीलबाईंनी सांगितलं की कायद्यानं आता चित्र स्पष्ट आहे: बावीस ओळी घेता येणार नाहीत, सतरावी घेता येईल. तेव्हा गाणं रद्दच करायचं ना? लांबडा म्हणाला, दुसरं एखादं पहिलं करू, कंपनीला विनवू. ढोल्या माझ्याकडे बघून म्हणाला, “काका, तुम्ही पण ना.”

“गाणं राहील,” मुलगी म्हणाली. “आणि पहिलंच राहील.”

सोमवारी त्यांनी ते रेकॉर्ड केलं. चार मिनिटं अकरा सेकंद, एकच ओळ. मी मोजली आहे, एकेचाळीस वेळा येते. सुरुवातीला ती कुजबुजते, मग बोलते, मग विनवल्यासारखं म्हणते, आणि शेवटची अकरा वेळा ओरडते. पण या वेळी शब्द अगदी स्वच्छ कळतात. त्याच आठवड्यात ती लांबड्याच्या बहिणीच्या घरी रिकाम्या खोलीत राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जाताना आमच्या मागच्या खोलीतल्या गाद्या तिनं जागच्या जागी नीट घालून ठेवल्या. त्या रविवारी मी ट्रे काढायला घेतले, तर भिंतीचा रंग निघून यायला लागला, म्हणून तसेच राहू दिले.

गाणं गाजलं. गाजलं म्हणजे कल्पनेपलीकडे गाजलं. तेवीस ओळींचं गाणं कुणी पाठ केलं असतं का, शंका आहे. एक ओळ सगळ्यांना येते. बसमध्ये पोरं-पोरी एकमेकांना ‘कशी आहेस’ म्हणून किंचाळायला लागली. त्या ओळीचे टी-शर्ट निघाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फोनची घंटा म्हणून ते लावलं आणि दिवसातून वीसदा मी ते ऐकायला लागलो. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डवर अभिनंदन लावलं, माझ्याच नावानं. मोठ्या कार्यक्रमाला मी आणि बायको गेलो, तिकिटं आमची आम्ही काढून. दोन हजार पोरं. मुलीनं माईक त्यांच्याकडे वळवला आणि दोन हजार पोरांनी माझ्या तोंडावर ती ओळ म्हटली. बायको माझ्याकडे न बघता टाळ्या वाजवत होती. कार्यक्रमानंतर भेटायला आत गेलो तर दाराशी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, आपण कोण? मुलीचे वडील, म्हणालो. तो म्हणाला, असे पुष्कळ येतात.

आणि एका गोष्टीचा तर मी विचारच केला नव्हता. एका मुलाखतीत तिला विचारलं, हे गाणं कुणावर आहे? ती म्हणाली, “कुणावरच नाही. कायद्याची अडचण आहे.” बरोबरच होतं. चपला मी काढायला लावल्या, शिक्का मी काढायला लावला, साडेसहाची वेळ मी काढायला लावली. त्या गाण्यात मला ओळखता येईल असं काहीएक मी शिल्लक ठेवलेलं नव्हतं.

ती गावोगावी कार्यक्रम करत फिरायला लागली. बायको तिला रोज मेसेज पाठवायची. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र यायचं. मला तेही येत नसे, कारण मी काही पाठवत नसे. मग मागच्या रविवारी पेपरात तिचा फोटो आला. गालफडं बसली होती, मनगटाला पट्टी होती, आणि डोळ्यांखालचं काळं छपाईचं होतं की खरं, ते भिंग लावूनही मला ठरवता आलं नाही. बातमीत फक्त गर्दीचं वर्णन होतं. मी पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग उठलो, फोन घेतला आणि बैठकीचं दार लोटून घेतलं.

पाच वेळा वाजल्यावर तिनं उचलला. मागे गाडीचा आवाज होता, आणि हसणं-खिदळणं.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे.” मी श्वास घेतला. “तू... कशी आहेस?”

ती हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं ते. थकलेल्या माणसाला अचानक हसू यावं, तसं ती हसत राहिली.

“बाबा, तुम्हीसुद्धा? अहो, टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या मॅनेजरपर्यंत सगळे दिवसभर मला हेच विचारतात. थांबा, स्पीकरवर टाकते. ए, ऐका रे, माझे बाबा! बाबा, परत म्हणा ना.”

“नाही गं, मी खरंच विचारतोय.”

“खरंच विचारतोय, असंच म्हणतात सगळे! म्हणा ना, सगळे ऐकतायत.”

मी परत म्हणालो. गाडीत एकच हशा झाला, शिट्ट्या वाजल्या, ढोल्यानं कशावर तरी ताल धरला आणि त्या पोरांनी ओळ उचलून धरली. मुक्याचासुद्धा आवाज त्यात होता. मी फोन कानाला लावून उभा होतो. दोन-तीनदा मी तिला हाक मारली, पण एवढ्या गोंधळात तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मग बोगदा आला की काय कोण जाणे, फोन बंद झाला. मी परत लावला, लागला नाही.

दार उघडून बायको आत आली. तिच्या हातात पेपर होता, त्याच पानावर दुमडलेला.

“तिचाच होता ना फोन?” ती म्हणाली. “कशी आहे ती?”

“ते कळलं नाही,” मी म्हणालो. “पण विचारलं मी.”